नाव हरवलेलं द्राक्ष

एखादा माणूस वारला असं समजून घरचे त्याचे दिवसही घालतात, आणि तो मात्र दूरच्या मुलुखात भलत्याच नावानं सुखात नांदत असतो. मंडळी, कारमेनेर या द्राक्षाच्या बाबतीत हे खरोखरच घडलं.

हे द्राक्ष मूळचं फ्रान्समधल्या बोर्दो परिसरातलं. शरद ऋतूत याच्या वेलीची पानं किरमिजी होतात, म्हणून हे नाव. वाइन गडद लाल, दमदार. वेल मात्र लहरी. फुलोऱ्यात गारठा आणि पाऊस आला की फुलगळ व्हायची. शिवाय फळ पिकायलाही उशीर.

1860च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्झेरा नावाच्या बारीक किडीनं फ्रान्समधले मळे मुळापासून पोखरायला सुरुवात केली. अखेर उपाय सापडला तो कलमाचा. मुळं अमेरिकन वेलीची आणि वर फांदी फ्रेंच जातीची. आपल्या नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना हे खुंटावरचं कलम सांगायला नको. त्यांची कारणं मात्र वेगळी, जमिनीतले क्षार आणि पाण्याची ओढ. नव्यानं लागवड करताना बोर्दोच्या शेतकऱ्यांनी भरवशाच्या जाती निवडल्या. कारमेनेर मागे पडलं, जवळजवळ नामशेष झालं.

पण ही पीडा येण्याआधीच, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, चिलीतल्या धनिक जमीनदारांनी बोर्दोहून वेली नेल्या होत्या. एका बाजूला अँडीज पर्वत, दुसरीकडे प्रशांत महासागर, उत्तरेला आटाकामाचं वाळवंट. तिथे ही कीड पसरलीच नाही. कारमेनेर तगलं, पण मेर्लो जातीच्या वेलींत मिसळून गेलं आणि मेर्लो म्हणूनच ओळखलं जाऊ लागलं. मेर्लोबरोबर तोडणी झाली की हे द्राक्ष कच्चंच असायचं आणि वाइनला हिरव्या ढोबळी मिरचीसारखा वास यायचा.

24 नोव्हेंबर 1994 रोजी झां-मिशेल बुर्सिको हे फ्रेंच वेलतज्ज्ञ चिलीच्या माइपो खोऱ्यात ‘कारमेन’ कंपनीच्या मळ्यात फिरत होते. तिकडे तो वसंत ऋतू, वेली फुलोऱ्यात. फुलांतले पिळवटलेले पुंकेसर पाहून त्यांनी सांगितलं, हे मेर्लो नव्हे, कारमेनेर आहे!

बातमी आनंदाची, तशी अडचणीचीही. चिलीची वाइन मेर्लो या नावानं जगभर विकली जात होती. चूक कबूल केली तर गिऱ्हाइकाचा विश्वास जाणार, लपवली तर ती फसवणूक. चिलीनं खरं नाव स्वीकारलं. वेली वेगळ्या ओळखून त्यांची तोडणी काही आठवडे उशिरा होऊ लागली, तसा तो हिरवा वास मावळला आणि वाइनला खरी चव आली. आज कारमेनेर ही चिलीची जगभरातली ओळख आहे.

वेल तीच, माती तीच. फक्त ती कोण आहे हे कळलं, म्हणून तिला तिच्या कलानं पिकू दिलं गेलं.