शिळेविना शिळाछाप

‘स्टिरिओलिथोग्राफी’ या शब्दात आमचे लक्ष प्रथम वेधले ते दडलेल्या दगडाने. ग्रीक भाषेत ‘लिथॉस’ म्हणजे दगड आणि ‘स्टिरिऑस’ म्हणजे घन. आपली नाटके स्वस्तात छापता यावीत म्हणून आलॉइस झेनेफेल्डर या नाटककाराने १७९६ च्या सुमारास बव्हेरियात शिळाछापाची युक्ती शोधली. तिनेच पुढे १९व्या शतकात मुंबईत मराठी पोथ्या-पंचांगे छापली. नव्या तंत्रात दगड कोठेच नाही. आहे ती द्रवरूप राळ आणि प्रकाश. तरीही नाव अगदीच अनाठायी म्हणवत नाही. येथेही वस्तू छापलीच जाते, पानावर पान चढवावे तशी.

टाकीत प्रकाशसंवेदी राळ असते. अतिनील किरण पडताच तिचे रेणू परस्परांत गुंफले जातात आणि द्रवाचे घन होते. संगणक वस्तूच्या आराखड्याचे आडवे काप पाडतो, साधारणतः ०.१ मिलिमीटर जाडीचे. आरशांनी वळवलेला लेझर राळेच्या पृष्ठभागावर एक काप रेखतो, तेवढाच भाग कडक होतो. मग मंच एका थराइतका खाली उतरतो, त्यावर नवी राळ पसरते आणि पुढचा काप आधीच्याला चिकटतो. अधांतरी भागांना बारीक टेकू द्यावे लागतात. ते नंतर तोडायचे. तयार वस्तू अल्कोहोलने धुऊन पुन्हा अतिनील प्रकाशात ठेवली, की ती पक्की होते.

हे कर्तृत्व कोणाचे? नागोया येथील महापालिकेच्या औद्योगिक संशोधन संस्थेतील हिदेओ कोदामा यांनी १९८० मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९८१ मध्ये इंग्रजीत शोधनिबंधही प्रसिद्ध केला. पण पुढील सोपस्कार मुदतीत न झाल्याने अर्ज बारगळला. फ्रान्समध्ये अलँ ल मेओते, ऑलिव्हिए द विट आणि जाँ-क्लोद आंद्रे यांनी १६ जुलै १९८४ रोजी अर्ज दाखल केला; यात धंदा नाही, असे ठरवून त्यांच्या कंपन्यांनी तो सोडून दिला. त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, ८ ऑगस्ट रोजी, अमेरिकेत चार्ल्स हल यांचा अर्ज आला. ११ मार्च १९८६ रोजी पेटंट मिळाले ते हल यांनाच.

एवढ्यावरून कोदामांना वंचित नायक ठरवण्याचा मोह होतो. साहित्येतिहासात ‘आद्य’ कोण यावरून आपणही कमी शाई सांडलेली नाही! परंतु हल यांचे काम अर्जापुरते नव्हते. अतिनील दिव्यांच्या कंपनीत नोकरी करताना, फावल्या वेळी प्रयोग करून, त्यांनी ९ मार्च १९८३ रोजी एक लहानशी वाटी घडवली होती. १९८६ मध्ये ‘थ्रीडी सिस्टिम्स’ ही कंपनी त्यांच्या सहभागाने उभी राहिली. आराखडा त्रिकोणांच्या जाळ्यात मांडणारी ‘एसटीएल’ ही फाइल तेथलीच, आणि ती आजही प्रचारात आहे. कल्पना अनेकांना सुचली. ती कारखान्यापर्यंत नेण्याची चिकाटी हल यांची, असे आमचे मत.

कारखान्याला तिची गरज होतीच. प्लास्टिकचा एक सुटा भाग हातात धरून पाहायचा, तर आधी धातूचा साचा घडवावा लागे. त्यात आठवडे जात, आणि चूक निघाली की पुन्हा पहिल्यापासून. राळेचा नमुना एखाद-दोन दिवसांत हाती येऊ लागला. अर्थात आरंभीची अ‍ॅक्रिलेट राळ आकसे, तिचे कोपरे वाकत. १९९०च्या दशकात इपॉक्सी राळ आल्यावर मापे नेमकी येऊ लागली. मग ओतकामातही मेणाऐवजी राळेचे पोकळ नमुने आले: भोवती मातीचे कवच करायचे, नमुना जाळून टाकायचा, रिकाम्या जागी धातू ओतायचा.

राळेच्या वस्तू मात्र ठिसूळ, उन्हात पिवळ्या पडणाऱ्या. म्हणून त्या बराच काळ ‘नमुना’च राहिल्या. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या ‘अलाइन टेक्नॉलॉजी’ने त्या मर्यादेचाच उपयोग केला. दात सरळ करणाऱ्या पारदर्शक पट्ट्यांसाठी ती प्रत्येक रुग्णाच्या प्रत्येक टप्प्याचा वेगळा साचा राळेत घडवते आणि त्यावर तापवलेला प्लास्टिकचा पत्रा ओढून बसवते. एरवी एका साच्यातून हजारो प्रती निघतात. येथे एका साच्याची एकच पट्टी. मराठीत तऱ्हेवाईक माणसाला आपण ‘नमुना’ म्हणतो, त्या अर्थाने हा प्रत्येक साचा नमुनाच. पट्टी निघाली, की त्याचे काम संपते.