बूजी: मूत्रमार्गातून श्वासमार्गात

सुरतेच्या उधना-लिंबायत भागात पॉवरलूमचा खडखडाट चालतो. मागांवर बहुतेक पॉलिस्टर, आणि कारागिरांत आपले खानदेशी पुष्कळ. तसंच विणलेलं पॉलिस्टर बेशुद्ध माणसाच्या श्वासनलिकेत जातं, हे वाचलं तेव्हा मी थक्क झालो.

बूजी म्हणजे साधारण 60 सेंटीमीटर लांब, 5 मिलिमीटर जाडीची लवचिक काडी. अपघातातला माणूस रस्त्यावर, मान हलवायची नाही, तोंडात रक्त. पॅरामेडिक घशात पाहण्याचं उपकरण, लॅरिंगोस्कोप, घालतो, पण स्वरतंतू दिसत नाहीत, श्वासनलिकेवरच्या झाकणाची कड तेवढी दिसते. मग त्या कडेखालून बूजी सरकवायची. टोक कूर्चांच्या कड्यांवरून खडखडत गेलं, की बोटांना वाट कळते. श्वासाची नळी मग तिच्यावरूनच आत ओवतात.

ही युक्ती भूलतज्ज्ञ रॉबर्ट मॅकिंटॉश यांनी 1949 साली मांडली. काडी मात्र मूत्रमार्गाच्या शल्यवैद्यांकडची. अल्जीरियातल्या बुजी (आताचं बेजाया) बंदरातून युरोपात मेण जाई, म्हणून फ्रेंचमध्ये मेणबत्तीच बूजी झाली. अरुंद झालेला मूत्रमार्ग रुंदावायला मेणात बुडवलेल्या कापडाच्या वाती घालत, त्यांनाही तेच नाव पडलं. 1779 च्या सुमारास पॅरिसच्या बर्नार नावाच्या सोनाराने रेशमी विणीवर रबराचा लेप देऊन लवचिक नळ्या केल्या. त्यावरून ‘गम इलॅस्टिक’ हे नाव चिकटलं आणि श्रेय सगळं रबराला गेलं.

मला हे पटत नाही. 1970 च्या दशकात पॉल व्हेन यांनी एशमन कंपनीसाठी घडवलेल्या बूजीत रबर नाहीच, आहे ती पॉलिस्टरची वीण आणि वर राळेचा लेप. कापड, रेशीम, पॉलिस्टर: लेप बदलत गेला, सूत राहिलं. म्हणून ही काडी मी विणकरांच्या कुळातली मानतो.

टोकाच्या 35 अंशांच्या बाकाचंही तसंच. तो घशाच्या रचनेवरून सुचला असं म्हणता येईल. पण प्रोस्टेटमधून वाट काढण्यासाठी फ्रेंच शल्यवैद्य मर्सिए यांनी 1836 सालीच वाकड्या टोकाचा कॅथेटर केला होता, आणि काडी उचलणाऱ्यांनी बाकही तिथूनच उचलला, असं माझं ठाम मत आहे.

आता एकदाच वापरून टाकायच्या प्लॅस्टिकच्या बूजी आल्या आहेत. त्यांतल्या सुरुवातीच्या काही जास्त ताठ होत्या. त्यांचं टोक ऊतीवर अधिक जोराने रुतायचं, आणि दिलेला बाक विणलेल्या बूजीइतका टिकत नसे.