बेचाळीस दिवसांनी तेच वाक्य

वर्डप्रेसच्या २०१७ मधल्या दोन घोषणा शेजारी ठेवून वाचाव्यात. पहिली १९ सप्टेंबरची, ४.८.२ या आवृत्तीची. दुसरी ३१ ऑक्टोबरची, ४.८.३ ची. ‘प्रिपेअर’ या फंक्शनमधून डेटाबेसला असुरक्षित आज्ञा जाऊ शकतात, मूळ वर्डप्रेसला थेट धोका नाही, पण प्लगइन आणि थीममुळे चुकून भगदाड पडू नये म्हणून बंदोबस्त केला आहे. दोन्हीकडचा मजकूर जवळपास अक्षरशः हाच. त्रुटी कळवणाऱ्याचे नाव तेवढे वेगळे: आधी स्लावको, नंतर अँथनी फेरारा. बंदोबस्त सप्टेंबरातच झाला होता, तर ऑक्टोबरात पुन्हा कशाचा केला?

उत्तर कोडमध्ये आहे. ‘प्रिपेअर’ २००७ पासूनचे, आवृत्ती २.३. आज्ञेत टक्क्याची खूण आणि ‘एस’ लिहिले की तिथे बाहेरून आलेला मजकूर ते अवतरणचिन्हांत बंद करून बसवते. गोव्यातल्या एखाद्या डिसोझाच्या रोमन आडनावातल्या ॲपॉस्ट्रॉफीने आज्ञा मोडू नये, ही काळजीही तेच घेते. पण ‘डिलीट मेटाडेटा’ या वर्डप्रेसच्याच फंक्शनमध्ये मूल्याचा तुकडा आधी ‘प्रिपेअर’मधून काढलेला दिसतो आणि मग तो जोडून अख्खी आज्ञा पुन्हा त्याच फंक्शनमध्ये घातलेली. आता त्या मूल्यातच कोणी टक्का-एस लिहून ठेवले तर? पहिल्या फेरीत तो निव्वळ मजकूर असतो. दुसऱ्या फेरीत ती भरायची जागा ठरते, तिथे नवे अवतरणचिन्ह येते आणि आधीचे अवतरण मध्येच मिटते. त्यापुढचा मजकूर डेटाबेस आज्ञा म्हणून वाचतो.

सप्टेंबरच्या दुरुस्तीने टक्क्यानंतरची ठरावीक अक्षरे सोडून बाकी सगळे निकामी केले. दुहेरी फेरी जशीच्या तशी राहिली. शिवाय क्रमांक घातलेल्या भरायच्या जागा बंद पडल्या. ही सोय अधिकृत माहितीत नव्हती, पण प्लगइनवाले ती सर्रास वापरत. फेराराच्या अंदाजाने कोडच्या १२ लाख ओळींना फटका बसला. त्याने २० सप्टेंबरलाच कळवले होते. मूळ दुखणे पटवून देण्यात पाच आठवडे गेले आणि अखेर सगळे जाहीर करण्याची तंबी द्यावी लागली, असे तो लिहितो. हे अर्थात एका बाजूचे कथन. मात्र ४.८.३ चा कोड त्याच्याच बाजूने साक्ष देतो. त्यात मजकुरातल्या प्रत्येक टक्क्याच्या जागी महिरपी कंसातली लांबलचक, अंदाज न बांधता येणारी अक्षरमाळा बसते आणि आज्ञा डेटाबेसकडे निघताना टक्का परत येतो. दुसऱ्या फेरीला भरायला जागाच सापडत नाही. क्रमांकित जागाही परत आल्या.

तेव्हा सप्टेंबरची दुरुस्ती अपुरी होती, आणि ऑक्टोबरच्या घोषणेने तसे सरळ म्हणायला हवे होते. ‘मूळ वर्डप्रेसला थेट धोका नाही’ हे वाक्यही कागदावर निभावते, एवढेच. परभणीतली पतसंस्था असो की गंगाखेडचे महाविद्यालय, नुसत्या मूळ वर्डप्रेसवर संकेतस्थळ कोण चालवतो? फॉर्म, फोटो, वर्गणी, सगळे प्लगइनवर. २०१३ च्या ३.७ पासून वर्डप्रेसच्या किरकोळ आवृत्त्या आपोआप चढतात; प्लगइनसाठी ती सोय २०२० मध्ये ५.५ सोबत आली आणि तीही आपण सुरू केली तरच चालते. तुमचे संकेतस्थळ सांभाळणाऱ्याकडून प्लगइनची यादी मागून घ्या आणि प्रत्येकापुढे शेवटच्या अपडेटची तारीख लिहायला सांगा.