फोटोरेझिस्ट : सिलिकॉनच्या चकतीचे प्रकाशसंवेदी कवच

संगणक आणि मोबाइलमधील चिप सिलिकॉनच्या गुळगुळीत चकतीवर तयार होते. या चकतीवर सूक्ष्म नक्षी उमटविण्यासाठी पॉलिमरचा जो प्रकाशसंवेदी लेप देतात, त्यास फोटोरेझिस्ट म्हणतात. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत २०१० मध्ये स्थापन झालेल्या नॅनो विज्ञान व अभियांत्रिकी केंद्रात हे काम चालते.

लेपनाची कृती
चकती प्रथम धुऊन तापवितात. ओलावा राहिल्यास लेप सुटतो. नंतर मध्यभागी द्रवरूप लेप ओतून चकती मिनिटास काही हजार फेऱ्यांच्या वेगाने फिरवितात. त्यामुळे साधारणतः एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका, एकसारखा थर पसरतो. तो सौम्य उष्णतेवर सुकवून त्यावर नक्षीच्या मुखवट्यातून अतिनील किरण सोडतात. धन प्रकारच्या लेपात प्रकाश पडलेला भाग विकासक द्रावणात विरघळतो, तर ऋण प्रकारात तोच भाग टिकून राहतो. निळ्या प्रकाशानेही लेप बिघडतो. म्हणून या कक्षात पिवळे दिवे असतात.

संरक्षण व मर्यादा
उघड्या पडलेल्या जागी आम्ल अथवा प्लाझ्मा पृष्ठभाग कोरतो; लेपाखालील भाग सुरक्षित राहतो. अखेरीस ॲसिटोन किंवा ऑक्सिजन प्लाझ्माने लेप काढून टाकतात. मात्र सिलिकॉन खोलवर कोरणाऱ्या तीव्र पोटॅशियम हायड्रॉक्साइडपुढे नेहमीचा लेप टिकत नाही. तेथे सिलिकॉन नायट्राइडचा किंवा अल्कलीरोधक पॉलिमरचा थर द्यावा लागतो.

भारताच्या दृष्टीने महत्त्व
उच्च प्रतीच्या फोटोरेझिस्टचे उत्पादन बहुतांशी जपानी कंपन्यांच्या हाती आहे. जुलै २०१९ मध्ये जपानने दक्षिण कोरियाला होणाऱ्या फोटोरेझिस्टसह तीन पदार्थांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा तेथील चिप उद्योग अडचणीत येण्याची भीती निर्माण झाली. ते निर्बंध २०२३ मध्ये उठले. हा लेप थंड जागी ठेवावा लागतो आणि त्याची मुदतही मर्यादित असते. त्यामुळे वर्षानुवर्षांचा साठा करता येत नाही.

गुजरातमधील धोलेरा येथील चिप कारखान्यास केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजुरी दिली. अशा कारखान्यांना यंत्रांइतकीच गरज या लेपाच्या अखंड पुरवठ्याची आणि तो हाताळणाऱ्या कुशल मनुष्यबळाची आहे. बेंगळुरूची ही संस्था आणि मुंबईची आयआयटी २००८ पासून नॅनोइलेक्ट्रॉनिक्स उपयोगकर्ता कार्यक्रमाद्वारे अन्य महाविद्यालयांतील संशोधकांना आपल्या प्रयोगशाळा उपलब्ध करून देत आल्या आहेत. मनुष्यबळाचा पाया त्यातून घडत आहे. लेपाच्या स्वदेशी उत्पादनाचे आव्हान मात्र मोठे आहे.