डॉक्टरांपर्यंत निरोप कसा पोहोचतो? घंटा, पेजर आणि २२२२ची गोष्ट

रात्रीचे दोन वाजले आहेत. तुमचे वडील रुग्णालयात दाखल आहेत आणि तुम्ही त्यांच्या खाटेशेजारी स्टुलावर बसला आहात. त्यांना धाप लागल्यासारखी वाटते म्हणून तुम्ही सिस्टरना बोलावता. त्या नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन पाहतात आणि म्हणतात, "मी डॉक्टरांना कळवते." पुढची दहा मिनिटे तुम्हाला तासासारखी वाटतात. डॉक्टर याच इमारतीत आहेत ना, मग इतका वेळ का?

वेळ लागण्याचे कारण बऱ्याचदा आजारात किंवा औषधात नसते, निरोपात असते. निरोप कोणाला द्यायचा, तो कसा पोहोचवायचा आणि पोहोचला हे कसे कळणार, हे तीन प्रश्न रुग्णालयांना पूर्वीपासून सतावत आले आहेत. त्यांची उत्तरे कशी शोधली गेली, ते आज पाहू.

नाइटिंगेल यांची घंटा

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की आपल्याला हातात दिवा घेतलेली परिचारिका आठवते. पण क्रिमियाच्या युद्धावर जाण्याच्या आधी, १८५३ साली, त्यांनी लंडनच्या हार्ले स्ट्रीट भागातील स्त्रियांच्या एका छोट्या रुग्णालयाची जबाबदारी घेतली होती. ती घेताना त्यांनी काही सोयी मागितल्या. प्रत्येक मजल्यावर गरम पाण्याचा नळ हवा, जेवण वर ओढून घेण्यासाठी यंत्र हवे आणि प्रत्येक रुग्णासाठी घंटा हवी.

घंटेबद्दलची त्यांची अट बारकाईची होती. घंटा त्या मजल्यावरच्या परिचारिकेच्या दाराबाहेर वाजली पाहिजे आणि वाजताच तिची एक झडप उघडून तशीच उघडी राहिली पाहिजे. म्हणजे परिचारिका दुसऱ्या रुग्णाकडे असली, तरी परत आल्यावर कोणी बोलावले होते हे तिला दिसेल. आवाज विरून जातो, झडप मात्र आठवण ठेवते. आज वॉर्डात खोलीच्या दारावर लाल दिवा लागतो आणि सिस्टर येऊन बंद करेपर्यंत लागलेलाच राहतो. त्यामागे हेच तत्त्व आहे.

मामा, कॉल बुक आणि सही

डॉक्टरला बोलावणे त्याहून अवघड, कारण तो एका जागी नसतो. आपल्याकडच्या सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत यासाठी कॉल बुक असे. सिस्टर वहीत रुग्णाचे नाव, तक्रार आणि वेळ लिहीत. वॉर्डातले मामा ती वही घेऊन निवासी डॉक्टरांच्या हॉस्टेलवर जात, दार ठोठावत, डॉक्टरांना उठवत आणि वहीत वेळेसह सही घेत.

पद्धत संथ होती, यात शंका नाही. पण त्या सहीचे महत्त्व लक्षात घ्या. निरोप कोणाला मिळाला आणि किती वाजता मिळाला, हे पाठवणाऱ्याला नक्की कळत होते. पुढे आलेल्या अनेक वेगवान यंत्रांना हे जमले नाही.

खिशातला पेजर

अमेरिकन संशोधक अल ग्रॉस यांनी १९४९ साली पेजरचा शोध लावला आणि १९५० साली न्यूयॉर्कच्या ज्यूइश हॉस्पिटलमध्ये तो वापरात आला. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये मल्टिटोन या कंपनीने १९५६ साली अशी यंत्रणा बसवली. ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी पेजरला आवाजावरून 'ब्लीप' असे नाव दिले. तिकडे काम केलेल्या आपल्या डॉक्टरांना विचारा, तो आवाज अजून त्यांच्या कानात असतो.

पेजर इतकी वर्षे टिकला त्याला कारणे आहेत. मध्यवर्ती केंद्रातून रेडिओ लहरी सगळीकडे पसरतात आणि प्रत्येक पेजर त्यातला आपला संदेश तेवढा ओळखतो. त्यामुळे मोबाइलसारखी 'नेटवर्क बिझी'ची अडचण येत नाही. जाड भिंती असोत की तळघरातला एक्स-रे विभाग, संदेश सहसा पोहोचतो. बॅटरीही अनेक दिवस चालते.

पण साधा पेजर फक्त ऐकतो, बोलत नाही. सिस्टरने ब्लीप केले की डॉक्टरला फक्त एक नंबर दिसतो. मग त्याने हातातले काम सोडून जवळचा फोन शोधायचा आणि तो नंबर फिरवायचा. तोवर सिस्टर दुसऱ्या रुग्णाकडे गेलेल्या असतात किंवा तो फोन व्यस्त असतो. निरोप तातडीचा आहे की नुसती औषधाची सही हवी आहे, हे ब्लीपच्या आवाजावरून समजत नाही. सिस्टरलाही डॉक्टरने तो ऐकला की नाही हे कळत नाही. वेग आला, पण वहीतली सही गेली.

एक देश, २७ नंबर

आता सर्वात नाजूक प्रसंग घेऊ. रुग्णाचे हृदय थांबले आहे. मेंदूला रक्त मिळाले नाही तर चार ते सहा मिनिटांत इजा सुरू होते. ज्या प्रकारात विजेचा झटका देऊन हृदय पुन्हा सुरू करता येते, त्यात छाती दाबणे आणि झटका या दोन्हींविना जाणाऱ्या दर मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. अशा वेळी वॉर्डातून एक अंतर्गत नंबर फिरवला की ऑपरेटर संपूर्ण पथकाला एकदम ब्लीप करतो.

हा नंबर प्रत्येक रुग्णालयाने आपापल्या सोयीने ठरवला होता. ब्रिटनच्या राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेने पाहणी केली, तेव्हा असे २७ वेगवेगळे नंबर वापरात असल्याचे आढळले. तिथले शिकाऊ डॉक्टर काही महिन्यांनी रुग्णालय बदलतात आणि बदली परिचारिका आज इथे, उद्या तिथे असतात. घाईच्या क्षणी हाताला आठवतो तो जुन्या रुग्णालयाचा नंबर. २००४ साली संस्थेने सर्व रुग्णालयांना एकच नंबर सुचवला, २२२२. युरोपातील भूलतज्ज्ञांच्या मंडळानेही २०१६ साली संपूर्ण युरोपसाठी हाच नंबर सुचवला.

यात नवे यंत्र काहीच नव्हते, बदलला फक्त संकेत. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही फार मोलाची सुधारणा आहे.

पेजरला निरोप

फेब्रुवारी २०१९मध्ये ब्रिटनचे आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांनी जाहीर केले की २०२१च्या अखेरपर्यंत तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतून म्हणजे एनएचएसमधून पेजर हद्दपार करायचे. तेव्हा एनएचएसकडे सुमारे १,३०,००० पेजर होते आणि वर्षाला ६६ लाख पौंड खर्च होत होता. वेस्ट सफोक रुग्णालयात साध्या कामांसाठी पेजरऐवजी मोबाइल ॲप वापरून पाहिले होते. त्यात शिकाऊ डॉक्टरांची दर पाळीत सरासरी ४८ मिनिटे आणि परिचारिकांची २१ मिनिटे वाचली. ही मिनिटे आधी फोन शोधण्यात आणि वाट पाहण्यात जात होती.

तरी त्या आदेशात एक सवलत होती. वाय-फाय बंद पडले किंवा दुसरा मार्ग उरला नाही, तर आणीबाणीसाठी काही पेजर ठेवता येतील. मुदत उलटून गेल्यावरही अनेक रुग्णालयांत ब्लीप वाजत राहिले.

ही सवलत अनुभवातून आली होती. ७ जुलै २००५ रोजी लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले, तेव्हा मोबाइलचे जाळे कोंडले आणि मोबाइलवर विसंबलेल्या रुग्णवाहिका सेवेची पंचाईत झाली. नंतर त्यांच्या अधिकाऱ्यांना पुन्हा पेजर देण्यात आले. मे २०१७मध्ये वॉनाक्राय या संगणकीय हल्ल्याने इंग्लंडमधल्या २३६ पैकी किमान ८० रुग्णालय संस्थांचे काम विस्कळीत केले. ईमेल बंद पडल्यावर कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या मोबाइलवर, व्हॉट्सॲपवर निरोप पाठवले. म्हणजे एकदा पेजर कामी आला, एकदा मोबाइल. दोन्ही वेळा उपयोगी पडला तो हाताशी असलेला दुसरा मार्ग.

आपल्याकडे काय झाले?

भारतात पेजर आणि मोबाइल दोन्ही सेवा १९९५ साली सुरू झाल्या. मोबाइल स्वस्त होताच पेजर मागे पडला. त्यामुळे आपल्या बहुतेक रुग्णालयांनी कॉल बुकवरून थेट मोबाइलवर आणि तिथून व्हॉट्सॲप ग्रुपवर उडी मारली. आज ईसीजीचा फोटो क्षणात वरिष्ठांकडे जातो आणि त्यामुळे उपचारांचा निर्णय लवकर होतो, हा मोठा फायदा आहे.

पण दोन निळ्या खुणा म्हणजे कॉल बुकातली सही नव्हे. संदेश उघडला गेला एवढेच त्या सांगतात, डॉक्टर निघाले का ते सांगत नाहीत. ग्रुपमध्ये वीस जण असले की प्रत्येकाला वाटते, दुसरा कोणीतरी बघेल. शिवाय रुग्णाची खाजगी माहिती कोणाच्या तरी वैयक्तिक फोनमध्ये राहून जाते. म्हणून कोणतेही रुग्णालय नवी यंत्रणा घेताना मी चार गोष्टी विचारीन: निरोप नेमक्या ड्यूटीवरच्या व्यक्तीला जातो का? तिने तो स्वीकारल्याचे कळते का? उत्तर आले नाही तर तो आपोआप वरिष्ठांकडे जातो का? आणि यंत्रणा बंद पडली तर दुसरा मार्ग कोणता?

तुम्ही काय करू शकता?

रुग्ण दाखल झाला की पहिल्याच तासात बोलावण्याचे बटण दाबून पाहा आणि ते रुग्णाच्या हाताला येईल असे ठेवा. रात्री ड्यूटीवर कोणते डॉक्टर आहेत ते सिस्टरना विचारून ठेवा. बोलावताना "बरं वाटत नाहीये" एवढेच न सांगता काय बदलले आणि केव्हापासून ते सांगा, उदाहरणार्थ, "अर्ध्या तासापासून धाप वाढली आहे आणि आता पूर्ण वाक्य बोलता येत नाही." असा निरोप सिस्टर जशाच्या तसा पुढे देऊ शकतात.

आणि थोड्या वेळाने नम्रपणे विचारा, "डॉक्टरांशी बोलणे झाले का? ते काय म्हणाले?" कोणी उद्धट समजेल म्हणून संकोच करू नका. उत्तर "फोन लागला नाही" असे आले आणि त्रास वाढत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांना बोलवायला सांगा. हा तुमचा हक्क आहे.