वायुदाब, वायुवेग आणि चौपाटीवरील विमानाची कथा

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर मानवरहित विमान उडविले व ते सुमारे १५०० फूट उंच गेले, अशी कथा महाराष्ट्रात दीर्घकाळ प्रचलित आहे. तिचा विचार बहुधा अभिमानाच्या नाही तर उपहासाच्या अंगाने झाला. त्या यंत्राचा वायुसापेक्ष वेग किती होता, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. वस्तुतः निर्णायक प्रश्न तोच होय.

पंखाच्या वरील व खालील पृष्ठांवरील दाबांत जो भेद पडतो, त्यावर विमान तरते. आणि हा भेद वायुवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. येथे वेग म्हणजे भूमीसापेक्ष वेग नव्हे. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंच्या चौथ्या उड्डाणात विमानाने ५९ सेकंदांत जमिनीवरून ८५२ फूट अंतर कापले, म्हणजे ताशी सुमारे १० मैल. समोरून वाहणाऱ्या वाऱ्यामुळे हवेतून कापलेले अंतर मात्र अर्धा मैल भरले. वायुवेग ताशी ३० मैलांच्या आसपास होता. वैमानिकासह सुमारे ७५० पौंड वजन ५१० चौरस फूट पंखांवर विभागले असता दर चौरस फुटास दीड पौंडाचा दाबभेद पुरतो. वातावरणाच्या एकंदर दाबाचा तो हजारांश भागही नाही! वारा पडला असता व वायुवेग १० मैलांवरच राहिला असता, तर उपलब्ध दाब नवमांश होऊन ते यंत्र उचललेच गेले नसते.

१९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एच. एस. मुकुंद व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची परीक्षा करून तो १९०४ पूर्वीचा नसल्याचा व त्यातील विमाने उड्डाणक्षम नसल्याचा निष्कर्ष काढला. तो मान्य केल्यास १८९५ चे यंत्र त्या ग्रंथावरून बेतले होते, हे म्हणणे टिकत नाही. परंतु ग्रंथाचे खंडन म्हणजे तळपद्यांच्या यंत्राचे खंडन नव्हे, हा भेद वादात वारंवार पुसला जातो.

मानवरहित यंत्र त्या काळी उडणे अशक्य होते असेही नाही. सॅम्युएल लँग्ली यांचे वाफेवर चालणारे यंत्र ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर सुमारे ३३०० फूट उडाले. त्या वेळी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल उपस्थित होते व त्यांनी छायाचित्रही घेतले. चौपाटीच्या कथेत मात्र यंत्राचे वजन नाही, पंखांचे क्षेत्रफळ नाही, वाऱ्याचा उल्लेख नाही. उंची तेवढी आहे.