पट्टा, साखळी आणि शिकवण

मराठीत बैलासाठी दावे आहे, कासरा आहे, वेसण आहे, म्होरकी आहे, मुसके आहे. कुत्र्यासाठी मात्र पट्टा आणि साखळी या दोन शब्दांवर भाषेचे भागत आले. कारण उघड आहे. बैलाकडून काम करून घ्यायचे होते, म्हणून त्याच्या शरीरावर नेमका कोठे दोर बांधायचा याचा विचार झाला. गावातले कुत्रे बहुधा मोकळेच असे. आज शहरातला माणूस कुत्र्याला शिकवण्यासाठी पट्टा निवडू लागतो, तेव्हा तो नकळत त्या जुन्या शेतकऱ्याच्याच प्रश्नापाशी येऊन पोचतो: दोर कोठे बांधावा, आणि ओढ बसल्यावर प्राण्याला त्यातून काय कळावे?

पट्ट्याचा इतिहास फार जुना आहे. १८९९ साली व्हिक्टर लोरे याला इजिप्तमधील राजांच्या खोऱ्यात मैहरप्री नावाच्या दरबारी पुरुषाची कबर सापडली. अठराव्या राजवंशाच्या काळातली. तीत कुत्र्याचे दोन चामडी पट्टे होते. त्यांतल्या एकावर कुत्रीचे नाव लिहिलेले आहे. मालकाचे नव्हे, कुत्रीचे, ही गोष्ट मला विशेष वाटते.

पण पट्ट्याविषयीचे सर्वांत समंजस लेखन रोमन ग्रंथकार वॅरोचे आहे, असे माझे मत आहे. इ.स.पू. ३७ च्या सुमारास, ऐंशीच्या घरात असताना, त्याने शेतीवर ग्रंथ लिहिला. मेंढपाळाच्या कुत्र्याच्या गळ्यात भक्कम चामड्याचा, खिळे मारलेला पट्टा असावा, म्हणजे लांडग्याला गळा धरता येणार नाही, असे तो सांगतो. आणि लगेच जोडतो, की खिळ्यांच्या माथ्यांखाली मऊ कातडे शिवून घ्यावे, म्हणजे लोखंडाचा काच कुत्र्याच्या मानेला होणार नाही. एकच वस्तू, बाहेरून शत्रूसाठी आणि आतून कुत्र्यासाठी वेगळी. हिमालयातल्या मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या गळ्यात बिबट्यापासून रक्षणासाठी असे काटेरी पट्टे आजही दिसतात.

त्याच रोमन जगात हीच वस्तू माणसाच्या गळ्यातही होती. झोनिनस नावाच्या मालकाच्या गुलामाचा लोखंडी पट्टा रोममध्ये जपलेला आहे. मी पळालो आहे, मला धरून परत नेलेत तर सोन्याचे नाणे मिळेल, अशा आशयाचा मजकूर त्याच्या बिल्ल्यावर कोरला आहे. वाक्य प्रथमपुरुषी आहे, पण बोलणारा गुलाम नव्हे, मालक आहे. आपल्याकडे कबीराने स्वतःला रामाचा कुत्रा म्हणवून गळ्यातल्या दोरीचे रूपक केले, ते याच्या नेमके उलट टोक. तेथे दोरी भक्ताने आपण होऊन गळ्यात घेतली आहे.

शिकवणुकीचे साधन म्हणून पट्ट्याचा पद्धतशीर विचार विसाव्या शतकात झाला. कॉनराड मोस्ट या जर्मन पोलीस अधिकाऱ्याने १९१० साली श्वानप्रशिक्षणावर पुस्तक लिहिले. कुत्र्याला आपल्यासारखे बरे-वाईट कळत नाही, तो कृती आणि तिच्या लगतचा परिणाम यांची सांगड घालतो, म्हणून उशिरा केलेली शिक्षा निरर्थक असते, हे त्याने स्किनरच्या १९३८ च्या ग्रंथाच्या कितीतरी आधी ओळखले. परंतु परिणाम म्हणजे बहुशः हिसका, असेच त्याच्या पद्धतीत गृहीत होते. अमेरिकेत विल्यम कोलर याने १९६२ च्या पुस्तकात हीच दिशा पुढे नेली: लांब दोर, न बोलता उलट दिशेला चालू लागणे, आणि आवळणारी साखळी.

ही साखळी समजून घेण्यासारखी आहे. ओढली की आवळते, सैल सोडली की सुटली पाहिजे. शिकवण असलीच तर ती या सुटण्यात आहे. कुत्रा डाव्या बाजूला असता ती उलटी घातली गेली तर कडी मानेखाली अडकते आणि ताण उतरत नाही. मग कुत्र्याला कळते एवढेच, की चालणे म्हणजे गुदमरणे. साखळी योग्य घातली तरीही सारा भार मानेवरच येतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पशुवैद्यकीय अभ्यासात साध्या पट्ट्याला ओढ बसली असता कुत्र्याच्या डोळ्यांतील दाब वाढलेला आढळला, हार्नेसला ओढ बसली असता तसा आढळला नाही.

म्हणून आता दोराची जागा बदलली आहे. तोंडाभोवती बसणारी पट्टी ही आपली म्होरकीच. डोके वळले की अंग वळते, हे बैलवाल्याला सांगावे लागत नाही. छातीवर कडी असलेला हार्नेस ओढणाऱ्या कुत्र्याला बाजूला वळवतो. वेल्समध्ये २०१० साली विजेचा धक्का देणाऱ्या पट्ट्यांवर कायद्याने बंदी आली. दोन मीटरांचा साधा, न ताणणारा दोर आणि रुंद, सपाट पट्टा बहुतेकांना पुरतो. मराठवाड्यातल्या कारवानीसारख्या शिकारी कुत्र्याची गोष्ट वेगळी. त्याचे डोके मानेपेक्षा अरुंद, त्यामुळे साधा पट्टा सहज निसटतो आणि तो पट्टा घट्ट करावा तर मानेला काचतो. त्याच्यासाठी मर्यादेपर्यंतच आवळणारा रुंद पट्टा असतो, आणि तो निवडताना आतल्या बाजूला बोट फिरवून पाहावे.